वादळात थांबणारं जहाज

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावपासून चारशे किलोमीटरच्या आत कुठेच समुद्र नाही. तरीही सेनगाव तालुक्यातल्या या गावच्या सोयाबीन-तुरीचं काय होणार, हे बरंचसं बंगालच्या उपसागरात ठरतं. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशा-छत्तीसगडवरून विदर्भाकडे सरकलं, की आपल्याकडे पाऊस धरतो. ते झालं नाही, तर उघडीप लांबते आणि पिकं माना टाकतात.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज याच उपसागरात ऐन पावसाळ्यात तळ ठोकून होतं. जर्मनीत बांधलेलं, १९८३ साली भारतात आलेलं, सुमारे शंभर मीटर लांबीचं हे जहाज. मोहिमेचं नाव होतं ‘बॉबमेक्स’. खराब हवामान दिसलं की व्यापारी जहाजं वाट बदलतात. इथे त्या हवामानासाठीच जायचं होतं.

अशा दिवसांत बोट लागते ती भल्याभल्यांना. ताट घसरू नये म्हणून टेबलावर ओलं कापड अंथरतात, कोरडा पाव खाऊन पाळीवर उभं राहतात. पाळ्या रात्रंदिवस चालूच असतात, कारण ढगांना रात्र नसते. हवामानाचा फुगा सोडायचा तर दोघांनी तो वाऱ्यात घट्ट धरायचा, तिसऱ्याने खाली लोंबणारी तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारी छोटी पेटी सांभाळायची. ब्रिजवरचा, म्हणजे सुकाणूकक्षातला, अधिकारी जहाजाचं तोंड वळवून डेकवरचा वारा शक्य तेवढा कमी करतो. क्षण चुकला आणि पेटी कठड्यावर आपटली, की पुन्हा पहिल्यापासून. पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणारं जड यंत्र ‘विंच’च्या दोरावरून खाली सोडणं तर त्याहून जोखमीचं. लाटेबरोबर जहाज खाली गेलं की पोलादी दोर सैल पडतो, वर आलं की हिसका बसतो. दोर तुटला तर यंत्र तळाशी.

एवढा खटाटोप कशासाठी? नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे उपसागरावर पातळ थरासारखं पसरतं. खालचं थंड पाणी त्यामुळे सहजी वर मिसळत नाही. पावसाने पृष्ठभाग थोडा निवला, तरी ऊन पडताच तो लवकर तापतो आणि पुन्हा ढग उठू लागतात. आपली कयाधू नदीही पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करत त्याच उपसागराला मिळते. समुद्राचा पृष्ठभाग साधारण २८ अंशांच्या वर असेल तरच मोठे ढगसमूह फोफावतात, हे पुण्यात वाढलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये मांडलं होतं. उपग्रहाला पृष्ठभाग दिसतो. पन्नास मीटर खालचं पाणी किती खारट आहे, हे पाण्यात यंत्र उतरवूनच कळतं.

२००२ मध्ये अशीच ‘आर्मेक्स’ नावाची मोहीम अरबी समुद्रावर होती. त्या जुलैत देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. कोरड्या वर्षाच्या नोंदीही तितक्याच मोलाच्या, असं माझं ठाम मत आहे. पाऊस का येतो इतकंच तो का रुसतो हेही शेतकऱ्याला हवं असतं.

या कामासाठी समुद्रकाठी जन्मावं लागत नाही. अंटार्क्टिकावर १९८३ च्या मोहिमेत गेलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, म्हणजे समुद्रापासून आपल्याहूनही लांबच्या. म्हणून पुसेगाव-सेनगावच्या शिक्षकांना विनंती आहे: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेबद्दल आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेबद्दल जरूर सांगा.