तार एकाची, दार दुसऱ्याचे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, भारतातल्या सामान्य ग्राहकाला इंटरनेट खुले केले, ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकातही सापडते. पण त्या वर्षांत मुंबईच्या फोर्टातल्या विदेश संचार भवनात आणि दिल्लीच्या संचार भवनात ज्यांचे जाणे-येणे होते, त्यांना त्या गोष्टीमागची भांडणे जास्त आठवतात. ती सरकार आणि खासगी कंपन्यांमधली कमी होती, सरकारची सरकारशीच जास्त होती. देशाबाहेर उघडणारे दार व्हीएसएनएलचे होते. ग्राहकाच्या घरात शिरणारी तार दूरसंचार खात्याची, मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची. मालक दोघांचा एकच, भारत सरकार. तरी दोघांचे सूर कधी जुळले नाहीत.

मुळात १९९५ हा आरंभ नव्हेच. जुहूला गुलमोहर क्रॉस रस्त्यावर एनसीएसटी ही सरकारी संगणक संशोधन संस्था होती. श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी तिथून अर्नेट हे शिक्षणसंस्थांचे जाळे उभे करत होते. १९८६ चा हा प्रकल्प. पैसा इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा. १९८९ पर्यंत जुहूहून अमेरिकेशी जोडणीही झाली होती. नियम मात्र कडक: वापर फक्त शिक्षण आणि संशोधनासाठी. त्यामुळे नरिमन पॉइंटच्या बड्या कंपनीचा अध्यक्ष टेलेक्सवर अवलंबून असताना पवईच्या आयआयटीतला विद्यार्थी परदेशी प्राध्यापकाला ईमेल पाठवत होता. शिक्षण संपवून तोच विद्यार्थी त्या बड्या कंपनीत नोकरीला लागला, की त्याचा ईमेल सुटायचा आणि तोही टेलेक्सच्या रांगेत उभा राहायचा.

त्याच सुमारास मुंबईत काही हौशी मंडळी घरच्या फोनला मोडेम जोडून बुलेटिन बोर्ड चालवत. रात्री दुसऱ्या हौशीने फोन लावायचा, निरोप ठेवायचा, एखादा प्रोग्राम उतरवून घ्यायचा. कुणाला त्रास नाही, फारसा नफाही नाही. पण दूरसंचार खात्याने अशा सेवांवर लाखांच्या घरातले परवाना शुल्क काढले, तेव्हा या मंडळींचे धाबे दणाणले. खात्याची भूमिका कायद्याला धरून होती, हे कबूल करावे लागेल; फक्त तो टेलिग्राफ कायदा १८८५ चा होता.

राजकारणाची गंमत १९९५ च्या ३१ जुलैला दिसली. त्या दिवशी कोलकात्याहून देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. दिल्लीत तो घेतला काँग्रेसचे दूरसंचार मंत्री सुखराम यांनी, आणि लावला ज्योती बसूंनी. डावे पक्ष आणि त्यांच्या कामगार संघटना दूरसंचाराच्या खासगीकरणाविरुद्ध रस्त्यावर होत्या, आणि त्यांचाच मुख्यमंत्री खासगी कंपनीच्या फोनवर बोलत होता. त्यानंतर पंधरवड्याने इंटरनेट आले, ते मात्र पूर्ण सरकारी. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने फोनसाठी खासगी कंपन्यांना वाट दिली होती; इंटरनेटचा त्यात उल्लेखच नव्हता.

आता खुद्द उद्घाटनाबद्दल. व्हीएसएनएलचे अध्यक्ष होते बी. के. सिंगल. लंडनच्या इनमारसॅट या उपग्रह-संचार संस्थेतली नोकरी सोडून ते १९९१ मध्ये परतले होते. स्वभाव तडफदार, बोलणे सडेतोड. दिल्लीत अशा माणसाला मित्र कमी मिळतात. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत सेवा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यांत कोसळली. मोडेम कमी पडले. फोन लावावा तर एंगेज. लागलाच, तर मोडेमची किरकिर संपायच्या आत जोडणी तुटायची. तक्रार करणाऱ्याला व्हीएसएनएलकडून कळायचे की दोष फोनच्या तारेत आहे. तारवाल्यांकडे गेले की ते सांगायचे, तुमचा फोन तर चालू आहे! दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते आणि ग्राहकाचे पैसे वाया जात होते. ज्यांनी त्या दिवसांत तो नंबर फिरवला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

सरकारी रीत अशी की चौकशी समिती नेमायची आणि वेळ काढायचा. सिंगल यांनी उघडपणे सांगितले की चूक आमची झाली. सार्वजनिक उपक्रमाच्या प्रमुखाने असे बोलणे तेव्हा ऐकिवात नव्हते. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला तो सर्वात धाडसी क्षण होता. दुरुस्ती झाली आणि पहिल्या सहा महिन्यांत दहा हजारांच्या आसपास ग्राहक जोडले गेले. मुंबईतल्या ग्राहकांनी तोवर आपली संघटनाही काढली होती. तिचे म्हणणे मांडायला अध्यक्ष म्हणून जी व्यक्ती पुढे होती, ती पाहून अधिकारीही उठून उभे राहत: शम्मी कपूर.

दरांची वेगळीच कथा. चित्रे दिसणारे खाते वर्षाला १५,००० रुपयांचे, नुसत्या अक्षरांचे ५,००० चे, आणि विद्यार्थ्यांसाठी अक्षरांचेच खाते ५०० रुपयांत. ही सवलत ज्याने मंजूर केली त्याचे आभार मानावेत तितके थोडे. एका पिढीला तिनेच संगणकाचे दार दाखवले. पण काळ्या पडद्यावरच्या अक्षरांवर मुले किती दिवस समाधान मानणार? ‘स्लर्प’ नावाचा छोटा प्रोग्राम खात्यात बसवला, की सर्व्हर अक्षरे पाठवतो आहे असे समजायचा आणि मुलाच्या संगणकावर चित्रे उमटायची. व्हीएसएनएलने त्यावर बंदी घातली. पुढे देशाच्या संगणक कंपन्यांनी नोकरीला घेतली ती अशा वाटा शोधणारीच मुले.

पत्त्यांचाही किस्सा आहे. मुंबईकर ग्राहकाच्या ईमेलमध्ये ‘जीआयएएसबीएम०१’ अशी अक्षरे येत, त्यातले ‘बीएम’ बॉम्बेचे. राज्यातल्या युती सरकारने त्याच १९९५ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई केले. पुढे व्हीएसएनएलने नवे सर्व्हर आणले, तेव्हा त्यांची नावे ठेवली ‘बीओएम’.

महानगरांबाहेर प्रश्न नावाचा नव्हता, अंतराचा होता. जिथे स्थानिक केंद्र नाही तिथून इंटरनेटसाठी एसटीडी लावायचा. बिल इंटरनेटपेक्षा फोनचेच मोठे यायचे. केंद्रे वाढवायला तारवाल्यांची मदत हवी, आणि दिल्लीत कुणाला फुरसत नव्हती. १९९५ च्या डिसेंबरात दूरसंचार निविदांवरून संसद ठप्प झाली. १९९६ च्या ऑगस्टमध्ये सुखराम यांच्या घरांतून सीबीआयने कोट्यवधी रुपयांची रोकड काढली. दरम्यान आघाडीची सरकारे आली आणि गेली. कोंडी फुटली १९९८ मध्ये. वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानाचा कृती गट नेमला. अध्यक्ष जसवंत सिंह, सहअध्यक्ष चंद्राबाबू नायडू. त्याच नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली. पाच वर्षे शुल्क शून्य, नंतर वर्षाला एक रुपया. ज्या खात्याने बुलेटिन बोर्डवाल्यांकडे लाखो मागितले होते, तेच आता रुपयावर आले. सिंगल यांना मात्र ते पाहायला खुर्ची उरली नाही. त्याच वर्षी त्यांना पद सोडावे लागले.

परदेशी फोनसेवेतल्या व्हीएसएनएलच्या मक्तेदारीचा शेवट १ एप्रिल २००२ रोजी झाला, ठरलेल्या मुदतीच्या दोन वर्षे आधी. इंटरनेटवरून परदेशी फोन करणे कायदेशीर झाले तेही त्याच दिवशी. त्याआधी फेब्रुवारीत व्हीएसएनएलचा २५ टक्के हिस्सा टाटांनी १,४३९ कोटींना घेतला होता. काही महिन्यांतच नव्या संचालक मंडळाने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये १,२०० कोटी गुंतवायचे ठरवले आणि अंबाजोगाईत वाढलेले दूरसंचार मंत्री प्रमोद महाजन संतापले. कंपनीच्या तिजोरीतला पैसा मालकाच्या दुसऱ्या कंपनीत कसा जातो, हा त्यांचा सवाल होता. विक्री केली होती अरुण शौरींनी, निर्गुंतवणूक मंत्री म्हणून. पक्ष एक, मंत्रिमंडळ एक, आणि वाद मात्र उघड वर्तमानपत्रांतून. मला महाजनांचा प्रश्न रास्त वाटला आणि विक्रीचा निर्णयही. जानेवारी २००३ मध्ये महाजनांचे खाते गेले. ते मिळाले शौरींना.

एक हिशेब तरीही राहिला. व्हीएसएनएलकडे देशभर ७७३ एकर अतिरिक्त जमीन होती, त्यातली बरीच पुण्याजवळ दिघीत. विक्रीत ती धरलेली नव्हती; वेगळी काढून दुसऱ्या कंपनीकडे द्यायची असे ठरले होते. ते काम पुरे व्हायला २०२० उजाडले.