न मागताही मिळावयाचा वकील

संविधानाच्या अनुच्छेद १४ ने सर्व व्यक्तींना कायद्यापुढे समान मानले आहे. परंतु न्यायालयात एका बाजूस सरकारी अभियोक्ता आणि दुसऱ्या बाजूस कायद्याचे अक्षरही ठाऊक नसलेला निर्धन आरोपी उभा असेल, तर ही समानता कागदावरच राहते. हे ओळखूनच १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क समाविष्ट करण्यात आला व विनामूल्य विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर सोपविण्यात आली.

हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नव्हती. त्याला हक्काचे बळ मिळवून दिले ते सर्वोच्च न्यायालयाने. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी, कैद्यास निकालपत्राची प्रत विनामूल्य व वेळेवर मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे, असा दंडक न्यायालयाने घालून दिला. पुढच्याच वर्षी बिहारमधील तुरुंगांची स्थिती हुसैनारा खातून प्रकरणाने उघडकीस आली. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ कित्येक कच्चे कैदी खटल्याविनाच कोठडीत होते. विधी साहाय्य हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायमूर्ती भगवती यांनी त्या वेळी स्पष्ट केले.

यापेक्षाही आपल्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल १९८६ चा आहे. अरुणाचल प्रदेशातील सुक दास यास वकिलावाचून खटला चालवून दोन वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली होती. त्याने वकील मागितलाच नव्हता, सबब खटल्यात दोष नाही, अशी भूमिका उच्च न्यायालयाने घेतली. वरकरणी हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण ज्याला आपला हक्कच माहीत नाही, तो मागणार तरी काय? सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच हेरले आणि शिक्षा रद्द केली. आरोपीस या हक्काची माहिती देणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरले. मागणी झाली नाही ही सबब उरली नाही.

आज भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम ३४१ अन्वये निर्धन आरोपीस राज्याच्या खर्चाने वकील देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. याच संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला असल्यास तो सुटकेस पात्र होतो. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ही सवलत लागू नाही. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असलेल्यांनाही ती मिळत नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकण्यात आली आहे. कायद्याची दिशा येथेही तीच दिसते : अज्ञानी माणसाने धावपळ करावयाची नाही, अधिकाऱ्याने हालचाल करावयाची.

दिवाणी बाबींत मात्र प्रथम अर्ज करावा लागतो, आणि खेड्यांतील अडचण बहुधा तेथेच येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना साहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तरीही पोटगीसाठी वकिलाची फी जमविण्यात महिने घालविणारी, वा जमिनीच्या वादापायी दागिने गहाण टाकणारी स्त्री गावोगाव आढळावी, हे आपल्या प्रचारयंत्रणेस भूषणावह नाही.

तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण असते. साधा लेखी अर्ज पुरतो, आणि अर्जदारास लिहिता येत नसल्यास त्याचे म्हणणे तेथे लिहून घेतले जाते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मार्गदर्शन मिळते. गावपातळीवर ही माहिती पोहोचविणारे विधी स्वयंसेवक प्राधिकरणामार्फत प्रशिक्षित केले जातात. शिक्षक व सेवानिवृत्त शिक्षक यांनाही त्यासाठी जिल्हा प्राधिकरणाकडे नाव देता येते.