भाकरी, खेळ आणि कॅटनिस

मंडळाच्या मागच्या बैठकीत प्रत्येकाने आपलं आवडतं पुस्तक सांगायचं होतं. मी ‘द हंगर गेम्स’ म्हटलं आणि मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “अगं, ती शाळकरी पोरांची पुस्तकं ना?” सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना वाटलं, उत्तर द्यायला हवं होतं. ते आता देते.

आधी थोडी ओळख. थॉमस मोर यांनी १५१६ साली ‘युटोपिया’ हे पुस्तक लिहिलं आणि आदर्श समाजाच्या कल्पनेला ते नाव कायमचं चिकटलं. त्याच्या उलट, जिथे माणसाचं जगणं मुद्दाम असह्य करून ठेवलंय असा कल्पित समाज म्हणजे डिस्टोपिया. ऑर्वेलची ‘१९८४’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेने हाच प्रकार कुमारवयीन वाचकांसाठी हाताळला. ‘द हंगर गेम्स’ २००८ मध्ये आली, ‘कॅचिंग फायर’ २००९ मध्ये आणि ‘मॉकिंगजे’ २०१० मध्ये. नंतर २०२० आणि २०२५ मध्ये याच जगातल्या आधीच्या काळाच्या आणखी दोन कादंबऱ्या आल्या.

गोष्ट अशी. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर पॅनेम नावाचा देश उभा आहे. मध्ये श्रीमंत राजधानी, कॅपिटॉल. भोवती बारा जिल्हे. कुणी कोळसा खणायचा, कुणी शेती करायची, कुणी मासे पकडायचे, आणि सगळं राजधानीला द्यायचं. पूर्वी जिल्ह्यांनी बंड केलं होतं. त्याची शिक्षा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडतात. या चोवीस जणांना एका रिंगणात सोडायचं. शेवटी एकच जिवंत राहील. हे सगळं टीव्हीवर दाखवतात आणि ते बघणं सक्तीचं असतं.

बाराव्या जिल्ह्यात बारा वर्षांच्या प्रिमची चिठ्ठी निघते आणि तिच्याऐवजी तिची सोळा वर्षांची बहीण कॅटनिस पुढे होते. हे वाचताना मला एकदम बकासुराची गोष्ट आठवली. एकचक्रा नगरीत दर घराची पाळी ठरलेली, गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा. शेवटी ब्राह्मणाच्या घराऐवजी भीम जातो. कॉलिन्स यांना अर्थात ग्रीक गोष्ट आठवत होती. अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली क्रीटच्या मिनोटॉरपुढे पाठवल्या जात, तेव्हा थिसियस त्यांच्याबरोबर गेला, ती. शिवाय त्यांनी मुलाखतींत सांगितलंय की एका रात्री त्या टीव्हीचे चॅनेल बदलत होत्या. एकीकडे तरुणांची स्पर्धा चाललेला रिअॅलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं. दोन्ही एकमेकांत मिसळू लागली आणि कादंबरीचं बीज तिथे पडलं. बकासुराला निदान लोक राक्षस म्हणत होते. पॅनेममध्ये त्या पाळीचा सण होतो. मुलांना डिझायनर कपडे मिळतात, मुलाखती होतात, प्रेक्षकांचे लाडके ठरतात.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो रिंगणातल्या मारामारीने नाही, तर चिठ्ठ्यांच्या हिशेबाने. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते आणि दर वर्षी एक वाढते. कागदावर सगळे समान. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल घेता येतं. कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी दर वर्षी तीन जादा चिठ्ठ्या टाकते. म्हणजे वर्षाला चार, पाच वर्षांत वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच तोंडं, म्हणून त्याच्या बेचाळीस. प्रिमची फक्त एकच. नियम कुणालाही ‘गरिबांनो, तुम्ही मरा’ असं म्हणत नाही. तो फक्त भुकेला भाव लावतो. कुणाला विचारलं तर उत्तर तयार, “आम्ही कुठे जबरदस्ती केली? त्यानेच चिठ्ठी टाकली.”

देशाचं नावसुद्धा भाकरीवरूनच आहे. लॅटिनमध्ये ‘पॅनेम’ म्हणजे भाकरी. रोमन कवी ज्युव्हेनल याने लोकांना टोमणा मारला होता की त्यांना आता फक्त भाकरी आणि खेळ हवेत. राजधानीला दोन्ही मिळतं, जिल्ह्यांना नुसते खेळ. म्हणून या पुस्तकांत जिथे भाकरी येते तिथे मी थांबते. उपाशी कॅटनिस पावसात बसलेली असताना बेकरीवाल्याचा मुलगा पीटा मुद्दाम पाव करपवतो, आईचा मार खातो आणि ते पाव तिच्याकडे फेकतो. पुढे रिंगणात अकराव्या जिल्ह्यातली छोटी रू मरते. कॅटनिस तिला फुलांनी सजवते, तेव्हा तो कंगाल जिल्हा परक्या मुलीला भाकरी पाठवतो. प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो ती किती सवयीने मागतो, हे मला त्या पानावर जाणवलं.

आता खरी गोष्ट कबूल करते. पहिलं पुस्तक मी एका रात्रीत संपवलं. पुढे काय होणार, कोण मरणार, जीव टांगणीला लागला होता. खेळाच्या पहिल्याच दिवशी तोफेचे अकरा आवाज होतात, म्हणजे अकरा मुलं गेली. मी ते पान भराभर उलटलं, कारण कॅटनिस जिवंत होती! दुसऱ्यांदा वाचताना तिथेच अडकले. त्यातल्या बहुतेकांची नावंही मला माहीत नव्हती. पहिल्या वेळी मी नक्की कुठे बसून वाचत होते? कॅपिटॉलच्या प्रेक्षकांत. लेखिकेने मला तिथे अलगद नेऊन बसवलं आणि मला कळलंही नाही. तेव्हापासून मोबाईलवर कुणाच्या अपघाताचा व्हिडिओ आला की बोट थोडं थांबतं. नेहमी थांबतं असं म्हणणार नाही.

तिसरं पुस्तक अनेकांना आवडत नाही. मलाही आधी आवडलं नव्हतं. ते संथ आहे, उदास आहे आणि पीटा की गेल हा घोळ जरा लांबतो. पण सगळ्यात अवघड प्रश्न त्यातच आहे. बंडखोर जिंकत आल्यावर त्यांच्यातूनच सूचना येते की आता राजधानीच्या मुलांचे असेच खेळ घेऊया, एकदाच, शेवटचे. ज्यांनी सोसलं तेच हे म्हणतात. कॅटनिसने पुढे काय केलं ते सांगत नाही. वाचा.

ही पुस्तकं पानांतच राहिली नाहीत. बाराव्या जिल्ह्यात प्रिय माणसाला निरोप देताना तीन बोटं ओठांना लावून वर करतात. हीच खूण २०१४ साली थायलंडमध्ये लष्करी सत्तेला विरोध करणाऱ्यांनी केली आणि २०२१ मध्ये म्यानमारच्या तरुणांनीही. त्यासाठी काहींना अटकही झाली.

तर मागच्या बाकावरच्या मित्रा, होय, ही शाळकरी पोरांची पुस्तकं आहेत. चिठ्ठ्याही शाळकरी पोरांच्याच निघतात. पहिला भाग माझ्याकडे आहे, हवा तर पुढच्या बैठकीला आणते. फक्त एक कर, त्या अकरा आवाजांपाशी जरा थांब.