जुनी ट्यूब तुमचा किती नफा खाते? दुकान आणि वर्कशॉपसाठी एलईडीचा साधा हिशोब



दुकानाचं भाडं किती, असं विचारलं की आपण पटकन सांगतो. कामगारांचा पगार तर तोंडपाठ असतो. पण "लाइटबिलापैकी नुसत्या दिव्यांचे किती जातात?" असं विचारलं की बहुतेकांची गाडी तिथेच अडते. बिल येतं, मोबाईलवरून भरून टाकतो, विषय संपला. व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून आज तोच हिशोब इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक गोष्ट पक्की करा. समजा तुमचा धंदा १० टक्के निव्वळ नफ्यावर चालतो. महिन्याला १,००० रुपये जास्त कमवायचे असतील तर १०,००० रुपयांची विक्री जास्त करावी लागेल. त्यासाठी माल भरा, उधारी द्या, गिऱ्हाइकाची मनधरणी करा. तेच १,००० रुपये बिलातून वाचले तर? सरळ गल्ल्यात. म्हणून दिव्यांचा विषय हा वायरमनचा नाही, मालकाचा आहे.

वॅट म्हणजे खर्च, लुमेन म्हणजे माल

आपल्याला सवय कसली लागली आहे? "शंभरचा बल्ब लाव, उजेड पडेल." पण वॅट हा आकडा उजेडाचा नाहीच. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये मोजतात. हे दोन्ही आकडे चांगल्या कंपनीच्या खोक्यावर छापलेले असतात. लुमेनला वॅटने भागा. जे उत्तर येतं ते त्या दिव्याचं अ‍ॅव्हरेज, अगदी गाडीच्या अ‍ॅव्हरेजसारखं.

- जुना पिवळा बल्ब: एका वॅटला साधारण १२ लुमेन
- चोकवाली ट्यूब, चोकचा खर्च धरून: साधारण ५०
- सीएफएल: साधारण ६०
- चांगला एलईडी: १०० किंवा जास्त

एवढा फरक का? पिवळ्या बल्बमध्ये तार तापवून उजेड काढतात, त्यामुळे बरीचशी वीज उष्णतेत जाते. एलईडीमध्ये अर्धवाहकाची बारीक चिप असते. तिच्यातून वीज गेली की ती थेट प्रकाश देते. लाल एलईडी १९६२ सालीच तयार झाला होता, पण निळा काही केल्या जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड मिळत नव्हता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन जपानी शास्त्रज्ञांनी ती गाठ सोडवली आणि २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तुमच्या पांढऱ्या एलईडीत आजही आत निळीच चिप असते, वर पिवळ्या पावडरचा थर असतो. बंद असलेल्या दिव्यात जे पिवळे ठिपके दिसतात ना, ते हेच.

हिशोबाचं एकच सूत्र

जुने वॅट वजा नवे वॅट, गुणिले वर्षातले चालू तास, भागिले १,०००. हे झाले वाचलेले युनिट. त्याला तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. दर पाहताना नुसता वीज आकार बघू नका. वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क धरून एक युनिट कितीला पडतं ते काढा. खाली मी दुकानासाठी १२ रुपये आणि वर्कशॉपसाठी ९ रुपये समजून चाललोय, दिव्यांच्या किमतीही समजून घेतल्यात. तुमचे खरे आकडे तुम्ही टाका.

उदाहरण पहिलं: कापडाचं दुकान. ३६ वॅटची जुनी ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून साधारण ५० वॅट खातात. त्याजागी २० वॅटची एलईडी पट्टी. बचत ३० वॅट. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस म्हणजे ३,६०० तास. वाचले १०८ युनिट, म्हणजे १,२९६ रुपये. पट्टी २५० रुपयांची धरली तर अडीच महिन्यांच्या आत पैसे वसूल. अशा दहा ट्यूब असतील तर वर्षाला १२,९६० रुपये. १० टक्के नफ्याच्या धंद्यात एवढं कमवायला जवळपास १ लाख ३० हजारांची विक्री लागते!

उदाहरण दुसरं: त्याच दुकानामागची स्टोअररूम. ट्यूब तीच, पट्टी तीच, पण दिवा दिवसाला अर्धाच तास लागतो. वर्षाचे १५० तास, साडेचार युनिट, ५४ रुपये. पैसे वसूल व्हायला साडेचार वर्षांच्या वर. ही ट्यूब चालतीये तोवर चालू द्या. गेली की मग एलईडी लावा.

इथेच आजच्या लेखाचा मुद्दा आहे. "सगळे दिवे एकदम बदलून टाका" हा सल्ला विक्रेत्याच्या फायद्याचा असतो. तुमच्या फायद्याचा सल्ला असा: जो दिवा सगळ्यात जास्त तास जळतो तो सगळ्यात आधी बदला. त्याच्या बचतीतून पुढचा घ्या. खिशातून मोठी रक्कम काढायची गरजच पडत नाही.

उदाहरण तिसरं: वर्कशॉप. पत्र्याच्या शेडमध्ये उंचावर ४०० वॅटचा मेटल हलाइड टांगलेला असतो. बॅलास्ट धरून तो ४४० वॅटच्या आसपास खातो. त्याजागी २०० वॅटचा एलईडी हायबे चालला, तर वर्षाच्या ३,००० तासांत ७२० युनिट, म्हणजे एका दिव्यामागे ६,४८० रुपये वाचतात. दुसरा फायदा बिलावर दिसत नाही. वीज जाऊन आली की मेटल हलाइड लगेच पेटत नाही, आधी थंड व्हावा लागतो. दहा-पंधरा मिनिटं कामगार अंधुक उजेडात हात बांधून उभे. एलईडी लागलीच लागतो. दिवसातून दोनदा वीज जात असेल तर हा हिशोब तुम्हीच करा.

आणि दुकानात एसी असेल तर आणखी एक भर धरा. दिवा जेवढी वीज खातो ती शेवटी खोलीत उष्णता होऊनच उरते. ५० वॅटचे दहा हॅलोजन म्हणजे छतावर ५०० वॅटची शेगडी. ती उष्णता बाहेर काढायला एसी वेगळी वीज घेतो. म्हणजे एकाच उजेडाचे पैसे दोनदा!

पैसे बुडतात ते कुठे?

"सर, एलईडी लावले, सहा महिन्यांत गेले." ही तक्रार खरी आहे. पण बिघडतं काय ते समजून घ्या.

एलईडीची चिप सहसा अचानक मरत नाही, ती वर्षानुवर्षं हळूहळू मंद होत जाते. आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचा पुरवठा चिपला झेपेल असा करून देणारं सर्किट. त्यातल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य अर्ध्यावर येतं. खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असतात, आपल्या दुकानाच्या वापराने ती सात वर्षं होतात. पण तोच बल्ब बंद काचेच्या हंडीत कोंबला, तर सात वर्षं कशी निघणार? म्हणून खरेदी करताना हे पाहा.

१. बीआयएसचं चिन्ह आणि बीईईचं स्टार लेबल. स्टार जास्त म्हणजे अ‍ॅव्हरेज जास्त.

२. सर्ज संरक्षण किती किलोव्होल्टचं आहे. तुमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होत असेल किंवा पावसाळ्यात विजांचा त्रास असेल, तर याला पैसे मोजा.

३. पॉवर फॅक्टर ०.९ किंवा जास्त. स्वस्त दिव्यांत तो ०.५ च्या आसपासही असतो. तुमचं बिल साध्या युनिटवर येत असेल तर लगेच फरक दिसणार नाही. पण बिलावर केव्हीएएच लिहिलेलं असेल तर कमी पॉवर फॅक्टरचे पैसे तुम्ही भरताय.

४. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. सूर्यप्रकाश १०० धरला तर साधे एलईडी ८० च्या आसपास असतात. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक साडी घेऊन दारापाशी उजेडात जातं ना? ती तुमच्या दिव्यांची तक्रार आहे. कापड, दागिने, भाजी-फळं असा माल असेल तर ९० च्या वरचे दिवे घ्या, निदान काउंटरवर तरी.

५. रंगाची छटा. ३,००० केल्विनला पिवळसर उजेड, सोन्याला छान. ४,००० ला मधला, कापडाला चांगला. ६,५०० ला निळसर पांढरा. सगळीकडे ६,५०० लावायची आपली सवय आहे, ती मालानुसार बदला.

६. लखलखाट. वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे खराब ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण डोकं दुखतं. वर्कशॉपमध्ये तर हे धोक्याचं आहे. अशा उजेडात फिरणारा लेथचा चक थांबल्यासारखा किंवा हळू फिरतोय असा दिसू शकतो आणि हात आत जाऊ शकतो! तपासायची सोपी युक्ती म्हणजे मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ काढा. उजेड फडफडताना दिसला तर तो दिवा मशीनवर लावू नका.

७. ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का? हायबे, पॅनल अशा मोठ्या दिव्यांत हा प्रश्न विचाराच. बदलता येत असेल तर थोड्या पैशांत तोच दिवा पुन्हा सुरू होतो, नाहीतर चांगली चिप आणि अख्खी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी भंगारात. टिकाऊ इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच.

आणि हो, पक्कं बिल घ्या. दोन वर्षांची वॉरंटी बिलाशिवाय कुणी ऐकत नाही. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना चोक आणि स्टार्टर काढून घ्या. हे काम मेन बंद करून, माहितगार वायरमनकडूनच.

स्वस्तात कसे घ्याल?

५ जानेवारी २०१५ ला देशात उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनी ईईएसएलने लाखोंच्या संख्येने बल्बची एकत्र मागणी नोंदवून टेंडर काढली. २०१४ मध्ये जो बल्ब खरेदीला ३१० रुपयांच्या आसपास पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत आला. पुढे या योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. तंत्रज्ञान सुधारलं हे खरं, पण मोठ्या ऑर्डरचा जोरही तितकाच होता. ही युक्ती तुम्हालाही जमेल. तुमच्या बाजारातले दहा दुकानदार एकत्र या, १०० पट्ट्यांची एकच ऑर्डर द्या, तीन घाऊक व्यापाऱ्यांकडून भाव मागवा. भाव आणि वॉरंटी, दोन्ही तुमच्या हातात येतील.

दिवा न बदलताही वाचतं

- सगळ्या ट्यूब एकाच बटणावर असतील तर वायरिंग तोडून घ्या. दुपारी दाराजवळची ओळ बंद ठेवता आली पाहिजे.
- गोडाऊन, जिना, संडास इथे मोशन सेन्सर लावा. हिशोब लिहायच्या टेबलावर नको, माणूस स्थिर बसला की दिवा जातो.
- शेडच्या छतात चार-दोन पारदर्शक पत्रे टाका. दिवसा उजेड फुकट. पावसाळ्यानंतर ते धुवायला विसरू नका.
- आहे त्या दिव्यांवरची धूळ महिन्यातून एकदा पुसा. विकत घेतलेला उजेड धुळीला कशाला द्यायचा?

काढलेल्या ट्यूब आणि सीएफएल कचऱ्याच्या डब्यात फोडून टाकू नका, त्यांत पारा असतो. जपून बाजूला ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. खराब एलईडीही तिथेच.

आजचा गृहपाठ

आज दुकान बंद करताना एक कागद घ्या. चार रकाने आखा: दिवा कुठे, वॅट किती, दिवसाला तास किती, वर्षाचे रुपये किती. प्रत्येक दिव्याची एक ओळ. मग सगळ्यात मोठ्या रकमेच्या तीन ओळींवर गोल करा. या महिन्यात बदलायचे ते हेच तीन.

पुढचं बिल आलं की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशेजारी ठेवा आणि युनिट ताडून बघा. रुपये नको, युनिटच, कारण दर बदलत राहतात. आणि जो फरक दिसेल तो गल्ल्यात विरघळू देऊ नका. वेगळा काढून ठेवा, पुढचे तीन दिवे त्यातूनच घ्यायचे आहेत.

चला, कागद काढा आणि कामाला लागा!