साथीची पेटी : अप्पा जळगावकर यांचे स्मरण

आपल्या कोराडीत देवीच्या देवळात भजनाला सुरुवात झाली, की टाळांच्या आधी पेटीचा सूर कानी पडतो. इतके हे वाद्य आपल्या अंगवळणी पडले आहे. वास्तविक ते परक्या मुलखातले. युरोपातून आलेल्या पायपेटीला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातपेटीचे रूप दिले आणि ती आपल्या बैठकीत मांडी घालून बसली.

तथापि तिच्यावर आक्षेपही मोठा होता, आणि तो खोटा नव्हता. पेटीचे सूर पितळी पात्यांचे, एकदा ठरले ते ठरले. गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातो. पेटीला तशी वाटच नाही. शिवाय सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असले, तर तिचा गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा लागतो. या कारणांस्तव १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. ते किलकिले होण्यास १९७१ चा सुमार उजाडावा लागला.

मग अशा सदोष वाद्यावर मोठमोठ्या गवयांनी विश्वास का टाकावा? याचे उत्तर वाद्यात शोधून सापडत नाही, ते वाजविणाऱ्या हातांत आहे. पं. अप्पा जळगावकर हे याचे उत्तम उदाहरण होय. १९२२ साली जन्मलेले हे जालन्याकडचे गृहस्थ पुढे पुण्यात स्थायिक झाले. पं. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, वसंतराव देशपांडे अशा गायकांना त्यांनी साथ केली. या तिघांच्या गायकीत साम्य ते काय? वसंतरावांनी संगीताचे आरंभीचे पाठ आपल्या नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे घेतले. त्यांचे गाणे कोणत्या वळणावर कोठे झेप घेईल याचा नेम नसे. तेथे पाठ केलेल्या पलट्यांचा काय उपयोग!

साथीदाराचे काम आम्हांस असे दिसते. गायकाच्या मागे निमिषभर राहून चालावे. पुढे गेल्यास त्याची वाट अडते, फार मागे पडल्यास गाणे दुभंगते. मींडेच्या जागी सारे स्वर वाजवू नयेत; आरंभ आणि शेवट दाखवावा, मधे एखादा कण द्यावा, बाकीचे श्रोत्याच्या कानाने भरून काढावे. गायकाने श्वास घेतला, की त्याचाच स्वर धरून ठेवावा. उजवा हात पट्ट्यांवर फिरतो हे सर्वांस दिसते. आवाज लहानमोठा करणारा भात्यावरचा डावा हात मात्र कोणी पाहत नाही. आणि कित्येकदा सर्वांत अवघड काम म्हणजे न वाजविणे.

इतकी विद्या असून कार्यक्रमाच्या पत्रिकेत साथीदाराचे नाव बारीक अक्षरांतच छापले जाते. अप्पांना २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा वयाची पंचाहत्तरी उलटून गेली होती. २००९ साली ते निवर्तले.

गायकाचे नाव मागे राहते, ध्वनिमुद्रिकाही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. परंतु त्यांतच पेटीही वाजते आहे. श्रोतेहो, यापुढे अशी मुद्रिका लावाल तेव्हा एकवार गवयाला बाजूस ठेवून केवळ पेटीकडे कान द्या. दोन श्वासांमधल्या रिकाम्या जागेत तो माणूस तुम्हांस भेटेल.