पोट फुगले, अंग वाळले: सिरॉसिसच्या रुग्णाला उपाशी ठेवू नका



आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या काळात खर्डी, कसारा, शहापूर, मुरबाड भागातल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. पौर्णिमेला अनेक उपासक-उपासिका अष्टशील घेऊन उपोसथ पाळतात. दुपारी बारानंतर जेवण नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. निरोगी माणसाला याचा त्रास होत नाही. पण त्याच रांगेत कधी लिव्हर सिरॉसिस झालेला एखादा बांधव किंवा भगिनी बसलेली असते. तिच्यासाठी हे अठरा-वीस तास धोक्याचे आहेत. हे घरच्यांना, विहारातल्या मंडळींना आणि बऱ्याचदा रुग्णालाही माहीत नसते. म्हणून हा लेख.

आपल्याकडे लिव्हरचा आजार म्हटला की काविळीचे पथ्य सुरू होते. तेल बंद, डाळ बंद, अंडी-मासळी बंद. फक्त पेज, उकडलेले अन्न आणि उसाचा रस. हेतू चांगला असतो, पण सिरॉसिसमध्ये हे पथ्य रुग्णाला आतून पोखरते.

सिरॉसिसमध्ये काय होते?

वर्षानुवर्षे इजा होत राहिली की यकृतात जागोजागी वण तयार होतात आणि ते कडक, गाठाळ होते. दारू हे मोठे कारण आहे. पण हिपॅटायटीस बी आणि सी हे विषाणू, तसेच मधुमेह-लठ्ठपणासोबत येणारे फॅटी लिव्हर यांनीही सिरॉसिस होतो. त्यामुळे ‘सिरॉसिस म्हणजे दारुडा’ हा शिक्का आधी पुसू या. या शिक्क्यामुळे कधीही दारू न प्यायलेल्या बायकांचे निदान उशिरा होते. आणि जो खरोखर प्यायला, त्यालाही उपचाराचा आणि मैत्रीचा हक्क आहेच.

निरोगी यकृत जेवणातली साखर साठवून ठेवते आणि रात्री झोपेत थोडी थोडी सोडते. सिरॉसिसमध्ये ही कोठी लहान होते. जेवणानंतर काही तासांतच ती रिकामी होते आणि शरीर आधी साठवलेली चरबी, सोबत स्नायू जाळू लागते. रात्रभर उपाशी राहिलेल्या सिरॉसिसच्या रुग्णाची स्थिती दोन-तीन दिवस उपाशी असलेल्या निरोगी माणसासारखी असते. म्हणजे हा रुग्ण उपोसथ न घेताही रोज रात्री एक मोठा उपवास करतच असतो.

वजनकाटा फसवतो

‘वजन तर तेवढेच आहे, मग तब्येत कुठे उतरली?’ असे घरचे म्हणतात. सिरॉसिसमध्ये पोटात आणि पायांत पाणी साचते. चरबी आणि स्नायू कमी होतात, पाणी वाढते आणि काटा जागच्या जागी राहतो.

वजनावरून शरीराच्या आतले कळत नाही, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखवले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दोघेही निरोगी होते. रुग्णाच्या बाबतीत, त्यातही पोटात पाणी असताना, काट्यावर किती विसंबायचे ते यावरून समजावे.

सगळी चरबी सारखी नसते, हेही लक्षात घ्यावे. आतड्यांभोवती साठणारी पोटातली चरबी मधुमेह आणि फॅटी लिव्हरशी जोडलेली आहे. त्वचेखालची चरबी, म्हणजे दंड, मांड्या, कंबर यांवरची, ही अडीअडचणीची शिदोरी असते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी यकृत प्रत्यारोपणासाठी तपासलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांचे सीटी स्कॅन अभ्यासले आणि निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध केले. ज्या महिलांच्या त्वचेखाली चरबी कमी होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. पुरुषांमध्ये स्नायू झिजणे हे जास्त धोक्याचे दिसले. चरबी वाढवली की आयुष्य वाढते, असे यातून सिद्ध होत नाही. पण शिदोरी संपत आलेला रुग्ण अधिक धोक्यात असतो, हा इशारा स्पष्ट आहे. स्नायूंचे आणखी एक काम आहे: यकृत थकले की रक्तातला अमोनिया काही प्रमाणात स्नायू शोषून घेतात. स्नायू गेले की हा अमोनिया मेंदूपर्यंत पोचून रुग्ण बरळू लागण्याचा धोका वाढतो.

आता आपल्या घरांकडे पाहू. सगळ्यांना वाढून शेवटी उरलेसुरले खाणारी बाई कोण असते? तिला सिरॉसिस झाला तर तिची शिदोरी मुळातच तुटपुंजी असते. समतेचा विचार ताटापर्यंत पोचला नाही, तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

काय खायला द्यावे?

युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा रुग्णाला रोज दर किलो वजनामागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने आणि, रुग्ण लठ्ठ नसेल तर, किमान 35 कॅलरी मिळायला हव्यात. वजन धरायचे ते साचलेले पाणी वजा करून. 50 किलोच्या माणसाला म्हणजे 60 ते 75 ग्रॅम प्रथिने आणि 1750 कॅलरी. हे आपल्या स्वयंपाकघरात जमते. दोन अंड्यांतून साधारण 12 ग्रॅम, दोन पेले दुधातून 12, अर्धी वाटी कच्च्या डाळीतून 11, मूठभर शेंगदाण्यांतून 7 आणि दिवसभराच्या भात-भाकरीतून 18. बेरीज 60. अंडे चालत नसेल तर वाल, चवळी, हरभरा, दही वाढवावे. शेंगदाण्यांना बुरशी लागलेली असेल तर ते फेकूनच द्यावेत. त्या बुरशीचे विष यकृतालाच मारते.

प्रथिनांनी रुग्ण बरळू लागतो, ही भीती जुनी आहे. स्पेनमधील 2004 सालच्या एका अभ्यासात असा त्रास होऊन दाखल झालेल्या रुग्णांची प्रथिने कमी करून काही फायदा झाला नाही. उलट शरीरातली प्रथिने अधिक मोडली गेली.

सर्वात महत्त्वाचे आहे ते झोपण्यापूर्वीचे खाणे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे रुग्णांच्या एका गटाला पूरक आहार दिवसा आणि दुसऱ्या गटाला तोच आहार रात्री दिला गेला. वर्षभरात रात्रीच्या गटाच्या अंगावर सुमारे दोन किलो मांस चढले, दिवसाच्या गटाच्या नाही. तेव्हा रात्री नऊ-दहाला दूध घातलेली नाचणीची पेज, वाटीभर पोहे किंवा दूध-भाकरी द्यावी आणि सकाळी उठल्याबरोबर न्याहारी. दिवसाही तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नये.

पोटात पाणी असेल तर मीठ दिवसाला चहाच्या एका चमच्यापेक्षा जास्त नको. आपल्या भागात सुकट, सुके बोंबील, लोणचे, पापड यांतून खूप मीठ पोटात जाते. मधुमेह असेल, किंवा रुग्ण लठ्ठ असेल, तर आहार डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा. दारू मात्र एक थेंबही नको. पाचवे शील इथे औषधासारखे काम करते.

मग उपोसथाचे काय?

विनयपिटकाच्या महावग्गात याचे उत्तर आहे. श्रावस्तीला शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, कृश झाले, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. भगवंतांनी त्यांना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे दुपारपर्यंत घेण्याची मुभा दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा दुपारनंतरही घेण्याची परवानगी दिली. नियम करणाऱ्यानेच आजाऱ्याचे वाळलेले अंग पाहून नियम सैल केला. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाने पंचशील पाळावे, ग्रंथ ऐकावा, दान द्यावे, पण दुपारनंतर उपाशी राहू नये. हे त्याला विहारात सर्वांसमोर नको, शेजारी बसून समजवा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

रुग्णाचे पोट बघू नका, दंड बघा. कानशिले खोल गेलीत का, गळ्याची हाडे वर आलीत का, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो का, हे पाहा. यातले काही दिसले तर डॉक्टरांकडे आहाराचा प्रश्न आवर्जून काढा. रक्ताची उलटी, काळी शौच, ताप आणि पोटदुखी, बरळणे, किंवा दिवसा झोप व रात्री जाग असा उलटा क्रम दिसला तर थांबू नका, रुग्णालय गाठा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. घरातल्या इतरांची हिपॅटायटीस बी आणि सीची तपासणी करून घ्या. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

खर्डीहून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचे तर पहाटेची कसारा लोकल धरावी लागते. रांग, केसपेपर, तपासण्या यांत दुपार होते आणि रुग्ण घरी परतेपर्यंत उपाशी राहतो. सोबत जाणाऱ्याने पिशवीत रिपोर्टांबरोबर दोन उकडलेली अंडी आणि भाकरी ठेवावी. उपाशीपोटी करायची तपासणी झाली की लगेच त्याला खाऊ घालावे.

भवतु सब्ब मंगलं.