भिंत सर्वांची, चित्र सर्वांचे

चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौकट येते, काच येते आणि प्रदर्शनाचे शांत दालन येते. त्या दालनात जायला कोणी मनाई केलेली नसते. तरीही दिवसभर राबणारा माणूस तिकडे सहसा फिरकत नाही. आपले तिथे काय काम, असा एक संकोच त्याच्या मनात असतो. हा संकोच ओळखून ज्यांनी आपले चित्रच लोकांच्या वाटेवर नेऊन ठेवले, अशा कलावंतांत अमेरिकेचे कीथ हेरिंग यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. आम्ही चित्रकलेचे जाणकार नाही, बँकेतील नोकरदार आहोत. पण सार्वजनिक जागा आणि कला यांचे नाते समजून घ्यायला हेरिंग यांचे काम आम्हांस फार उपयोगी वाटले, म्हणून हा परिचय.

कीथ हेरिंग यांचा जन्म ४ मे १९५८ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यात झाला. वडिलांना व्यंगचित्रे काढण्याचा छंद होता. त्यांच्याजवळ बसूनच मुलाने पहिल्या रेघा ओढल्या. १९७८ साली हेरिंग न्यूयॉर्कला कलाशिक्षणासाठी आले. तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकांत जाहिरातींचे फलक असत आणि जाहिरातीची मुदत संपली की त्यांवर काळा कागद चिकटवला जाई. त्या काळ्या कागदांवर हेरिंग यांनी १९८० ते १९८५ या काळात साध्या पांढऱ्या खडूने शेकडो चित्रे काढली. रांगणारे बाळ, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसे असे त्यांचे विषय. चित्र काही मिनिटांत पुरे होई, कारण पोलिसांनी पकडले तर दंड ठरलेला. गाडीची वाट पाहणारे लोक भोवती जमत आणि याचा अर्थ काय, असे विचारीत. अर्थ ज्याने त्याने आपला लावावा, अशी हेरिंग यांची भूमिका होती.

त्यांच्या चित्रांची घडण ध्यानात घेण्यासारखी आहे. रेघ जाड व सलग, रंग मोजकेच पण भडक, छायाप्रकाशाचा खेळ नाही. माणसांच्या आकृतींना बहुधा नाक-डोळे नसतात. त्यामुळे ती आकृती गोऱ्याची की काळ्याची, गरिबाची की श्रीमंताची हे सांगता येत नाही आणि पाहणारा कोणीही तिच्यात स्वतःला पाहू शकतो. शिवाय असे चित्र रस्त्याच्या पलीकडून किंवा धावत्या वाहनातूनही एका नजरेत कळते. लहान मूल आणि अक्षरओळख नसलेला माणूस यांनाही ते कळते. सार्वजनिक जागेला असे चित्र शोभते, ते यामुळेच.

पुढे हेरिंग यांना कीर्ती मिळाली, चित्रांना मोठी किंमत येऊ लागली. मग स्थानकांतील खडूची चित्रे लोक काढून नेऊन विकू लागले. तेव्हा त्यांनी ते काम थांबवले. १९८६ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक दुकान काढले. हजारो डॉलरचे चित्र ज्याला परवडत नाही, त्याला निदान सदरा किंवा बिल्ला घेता यावा, हा त्यामागचा हेतू. हे दुकान २००५ पर्यंत चालले. दुसरीकडे रुग्णालये, शाळा, बालसंगोपन केंद्रे, अनाथालये अशा ठिकाणी भिंती रंगवण्याचे त्यांचे काम चालूच होते. १९८२ ते १९८९ या काळात त्यांनी निरनिराळ्या देशांत पन्नासाहून अधिक सार्वजनिक चित्रे केली.

यातील काही भिंतींची हकिकत सांगितली पाहिजे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका खेळाच्या मैदानाची भिंत आहे. त्या काळी कोकेनपासून बनणाऱ्या ‘क्रॅक’ या मादक द्रव्याने शहरातील तरुणांचा घास घेतला होता. हेरिंग यांचा एक तरुण मदतनीसही त्यात सापडला. १९८६ साली त्यांनी परवानगी न घेता ती भिंत भडक नारिंगी रंगाने रंगवली आणि त्यावर ‘क्रॅक इज वॅक’, म्हणजे क्रॅक हा निव्वळ मूर्खपणा, असे मोठ्या अक्षरांत लिहिले. त्यांना अटक झाली, दंड झाला आणि चित्र पुसले गेले. पण लोकांचा पाठिंबा असा होता की शहराच्या उद्यान विभागानेच त्यांना ते पुन्हा काढण्यास सांगितले. आनंदी रंगांतून गंभीर गोष्टही सांगता येते, याचे हे उदाहरण होय.

दुसरी भिंत पॅरिसची. तेथील नेकर बालरुग्णालयाच्या बाहेरच्या जिन्याच्या २७ मीटर उंच मनोऱ्यावर हेरिंग यांनी १९८७ मध्ये क्रेनच्या पाळण्यात उभे राहून चित्र काढले. आजारी मुलाला खिडकीतून काहीतरी हसरे दिसावे, यासाठी. पुढे आजूबाजूची जुनी इमारत पाडली, पण मनोरा मुद्दाम राखला. दुरुस्तीनंतर २०१७ पासून तो पुन्हा दिमाखात उभा आहे.

१९८९ च्या मे महिन्यात शिकागो येथे सरकारी शाळांतील सुमारे पाचशे मुलांबरोबर त्यांनी ४८८ फूट लांबीचे चित्र केले. बाह्यरेषा हेरिंग यांच्या, रंग मुलांचे. त्यानंतर जूनमध्ये इटलीतील पिसा शहरात एका चर्चच्या इमारतीच्या मागील भिंतीवर त्यांनी ‘तुत्तोमोन्दो’, म्हणजे ‘सारे जग’, हे तीस आकृत्यांचे चित्र रंगवले. तेथेही विद्यार्थी व कारागीर मदतीला होते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आपल्याला एड्स झाल्याचे त्यांना १९८८ मध्येच कळले होते. या रोगावर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता. मरण समोर दिसत असताना या माणसाने भिंतीवर माणसे नाचवली. एड्सग्रस्तांना आणि मुलांना मदत व्हावी म्हणून १९८९ मध्ये न्यासही स्थापन केला. १६ फेब्रुवारी १९९० रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

पण चित्रकार गेल्यावर त्याने दिलेल्या भिंतीचे काय होते? न्यूयॉर्कमधील एका कॅथलिक युवक केंद्राच्या तीन मजली जिन्यात हेरिंग यांनी आकृत्या रंगवल्या होत्या. वर-खाली करणाऱ्या पोरांच्या त्या रोजच्या सोबती. कालांतराने चर्चला पैशाची गरज पडली. भिंतीचे तुकडे कापून काढले गेले आणि २०१९ मध्ये लिलावात त्यांना सुमारे ३८ लाख डॉलर मिळाले. चर्चची अडचण खरी असेल. तथापि ज्या पोरांसाठी ती चित्रे होती, त्यांचा जिना उघडा पडला.

याच्या उलट मेलबर्नची कथा. तेथील कॉलिंगवुड भागातील तंत्रशाळेच्या भिंतीवर हेरिंग यांनी १९८४ मध्ये चित्र काढले होते. ऊन-पावसाने रंग विटले. नव्याने रंगवावे की मूळ रेषा जपाव्यात, यावर लोकांत बरीच वर्षे वाद झाला. अखेर मूळ काम राखून २०१३ मध्ये त्याची दुरुस्ती करण्यात आली. लोक भांडले, याचा अर्थ लोकांना ती भिंत आपली वाटत होती.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर सार्वजनिक जागेला मिळालेले चित्र ही ठेव आहे आणि जागेचे चालक तिचे विश्वस्त. ठेवीदार आहेत तेथे येणारी-जाणारी माणसे. ठेव सांभाळायची, तर नोंदवही हवी.

आपल्यापैकी अनेक जण सभागृह, बालवाडी, वाचनालय किंवा वसतिगृह चालवतात. तेथे भिंत रंगवायचे ठरले, तर चार गोष्टी पाहाव्यात असे आम्ही सुचवतो. एक, भिंतीला ओल असेल तर आधी ती काढावी, मगच रंगाचा खर्च करावा. दोन, जागा रोज वापरणाऱ्यांना, विशेषतः मुलांना व स्त्रियांना, काय पाहायला आवडेल ते विचारावे. तीन, बाह्यरेषा चित्रकाराने काढाव्यात, पण रंग भरण्यास वस्तीतील मुलांचे हात लावावेत. ज्या भिंतीला आपला हात लागला, तिच्यावर पोर सहसा थुंकू देत नाही. चार, चित्रकाराचे नाव, साल आणि वापरलेला रंग यांची नोंद संस्थेच्या दप्तरी करावी, आणि सभेत विचारल्याशिवाय चित्र पुसू नये, असा ठराव करून ठेवावा.

यासाठी नामवंत चित्रकारच हवा असे नाही. गावोगावी फलक रंगवणारे हुशार हात आहेत, शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत. त्यांना मानाने बोलवावे. रंगाचे डबे संस्थेने आणावेत, चहापाण्याची सोय करावी आणि त्यांच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा. मुलांना सुट्टी असेल तो दिवस धरला, म्हणजे झाले.